गर्भारपण, अज्ञान आणि अर्धा शेकेल

सिंगापूरच्या ईशान्येस पुलाउ उबीन नावाचे एक लहानसे बेट आहे. चांगीच्या धक्क्यावरून तेथे लाँच जाते, दहाएक मिनिटांचा प्रवास. या लाँचला वेळापत्रक नाही. बारा उतारू जमले की ती सुटते, तोवर बाकावर बसून राहावयाचे. लेकीकडे मुक्कामास गेलो असता एका रविवारी आम्ही सारे त्या बेटावर गेलो होतो. परतताना धक्क्यावर शहाळी पीत बसलो होतो. लेकीस पाचवा महिना. ती एकाएकी म्हणाली, "आई, इस्पितळात एका संशोधनात माझे नाव घालू का म्हणून विचारतात. माझे रक्त घेणार, बाळंतपणानंतर वार ठेवून घेणार, आणि पुढे कितीतरी वर्षे बाळाला तपासायला बोलावणार. मला त्यातून काही मिळायचे नाही. मग ज्याला अजून तोंडही नाही, त्याच्या वतीने मी हो कशी म्हणू?"

ज्यांचे सारे आयुष्य प्रसूतिकक्षात गेले, त्या आम्हास चटकन उत्तर सुचले नाही. घरी परतल्यावरही तो प्रश्न मनातून जाईना. आज आपल्या वाचकांपुढे तो मांडावा असे वाटले, कारण आपल्यापैकी प्रत्येक घरात कोणी ना कोणी लेक, सून, नात या वाटेवर आहे.

उबीन बेटावर पूर्वी ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. शेवटची खाण १९९९ साली बंद पडली. एके काळी तेथे सुमारे दोन हजार माणसे राहत. आता मोजकी उरली आहेत. बिन कियांग नावाची शाळा मुलांवाचून १९८५ साली बंद झाली. त्या वस्तीच्या काळी बेटावर माता-बालकांसाठी छोटा दवाखाना होता आणि बाळंतपणे सुईणबाई करीत. पण बाई अडली तर मध्ये समुद्र होता.

हे ऐकून आम्हास आपल्या कोकणाची आठवण झाली. आमच्या आजी अलिबागेकडच्या गोष्टी सांगत. बाई अडली, सुईणीने हात टेकले, की खाडीची भरती पाहावयाची, होडी मिळते का पाहावयाचे, आणि एलियाहू हन्नबीचा धावा करून मलिद्याचा नवस बोलावयाचा. नवसाने धीर येई, हे खरे. पण किती आया त्या वाटेवर गेल्या याची नोंद कोणी ठेवली नाही. जे मोजले जात नाही ते घडलेच नाही असे जग मानते.

ही नोंद ठेवणाऱ्यांत आपल्याच समाजाची एक लेक होती, हे नव्या पिढीस सांगावयास हवे. डॉ. जेरुशा झिराड (१८९०–१९८३) या १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुख होत्या. मुंबईत बाळंतपणात बायका कशाने मरतात याची त्यांनी पद्धतशीर चौकशी केली. तिचा अहवाल १९४१ साली निघाला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मरणाऱ्या बाईस नशिबाची धनी न समजता कारण शोधणे, हे त्यांचे काम आम्हास कोणत्याही पदवीपेक्षा मोठे वाटते.

त्याच सुमारास मुंबईत लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई गरोदर गिरणीकामगार स्त्रियांचा पांडुरोग तपासीत होत्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्याच धर्माच्या हाफकिनसाहेबांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत, त्यांची प्रयोगशाळा होती. रक्त कमी झालेल्या त्या गरीब बायांस यीस्टच्या अर्काने, म्हणजे पावास लावावयाच्या साध्या मार्माइटने, गुण येतो असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कात काय आहे हे त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. दहा वर्षांनी, १९४१ साली, पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढले गेले, त्याचे नाव फोलिक ॲसिड. पुढे सात देशांतल्या तेहेतीस केंद्रांत चाचणी झाली. त्या देशांत इस्राएलही होते. ज्या मातांना पूर्वी पाठीच्या कण्याचा दोष असलेले मूल झाले होते, त्यांनी गर्भ राहण्याच्या आधीपासून ही गोळी घेतल्यास तो दोष बराच टळतो, हे १९९१ साली सिद्ध झाले. आज आपली सून जी गोळी पाण्याबरोबर सहज गिळते, तिच्यामागे मुंबईच्या अनाम गिरणीकामगार बायांचे रक्त आहे. त्यांनाही स्वतःसाठी फार काही मिळाले नव्हते.

मग आज सारे कळले आहे काय? मुळीच नाही. बाळंतकळा नेमक्या कशाने सुरू होतात, हे अजून पुरते उलगडलेले नाही. गरोदरपणी रक्तदाब चढून आई व मूल दोघांच्या जिवाशी येते, त्या विकाराचे मूळ वारेच्या घडणीत आहे असे मानतात, पण एकीलाच तो का होतो आणि दुसरीला का नाही, हे सांगता येत नाही. ज्यांना धोका अधिक त्यांना ॲस्पिरीनची लहान मात्रा लवकर सुरू केल्यास वेळेआधी उद्भवणारा हा विकार पुष्कळ कमी होतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. उपाय थोडा हाती आला, कारण मात्र हाती आले नाही.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम इस्पितळाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली काम सुरू केले. तेथील बाळे वजनाने हलकी, हातपाय काटकुळे, पण अंगात चरबी मात्र त्या मानाने जास्त, असे आढळले. बहुतेक आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे झुकण्याची लक्षणे अधिक दिसली. म्हणजे ज्या गोळीचे गुण आम्ही वर गायले, तिच्याही जोडीला दुसरे काही लागते की काय, हा नवा प्रश्न उभा राहिला. तीच मुले वयात आल्यावर त्यांना ब-१२ देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचे काम २०१२ साली सुरू झाले. एका प्रश्नासाठी तीन पिढ्या!

सिंगापुरातही असेच काम झाले. तेथील केके इस्पितळात १९६६ या एकाच वर्षी ३९,८३५ बाळंतपणे झाली होती, जगातला विक्रम! पण इतकी बाळे जन्मास आली तरी गर्भात काय घडले हे त्यातून कळत नाही. म्हणून २००९ पासून केके आणि राष्ट्रीय विद्यापीठाचे इस्पितळ या दोन ठिकाणी चिनी, मलय व भारतीय वंशाच्या बाराशेंहून अधिक गरोदर स्त्रियांची नावे घेतली गेली, आणि त्यांच्या मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांत सुमारे पाचांतील एकीस गरोदरपणाचा मधुमेह निघाला. तपासले नसते तर हे कोणास समजले असते?

आता आमचा स्वतःचा एक अपराध सांगतो. आमच्या उमेदीच्या वर्षांत, वेळेआधी कळा येण्याची भीती असलेल्या बाईस खाटेवर झोपवून ठेवीत. खाली उतरावयाचे नाही, हे आम्ही परिचारिका दरडावून सांगत असू. एका बाईस आम्ही असे सात आठवडे ठेवले. घरी तिची दोन लहान मुले. ती रडे, आम्ही रागावू. शेवटी मूल वेळेआधीच जन्मले आणि गेले. तिने आमचा हात धरून विचारले की, एके रात्री ती कोणास न सांगता उठून न्हाणीघरात गेली होती, त्यानेच असे झाले का? आम्ही काही बोललो नाही. त्या गप्प राहण्याचा अर्थ तिने 'हो' असा घेतला असणार. पुढे चाचण्या झाल्या, आणि अशा सक्तीच्या झोपण्याने मूल वाचते याला पुरावा सापडला नाही. उलट पायात रक्त गोठणे, अंगातली ताकद जाणे हे तोटे दिसले. म्हणजे त्या माउलीची काही चूक नव्हती. चूक आमच्या खात्रीची होती. "आम्हास ठाऊक नाही" हे तीन शब्दही आम्हास बोलता आले नाहीत.

येथेच खरा नैतिक प्रश्न आहे. गरोदर बाईवर प्रयोग नको, असे सारे म्हणतात, आणि त्यामागे चांगली भावना आहे. थॅलिडोमाइडची गोष्ट वाचकांस आठवत असेल. १९५७ ते १९६१ या काळात हे औषध विकले गेले, आणि जगात दहा हजारांहून अधिक मुले हातापायांनी अपंग जन्मली. त्याची धास्ती घेऊन पुढे औषधांच्या चाचण्यांतून स्त्रियांनाच वगळले जाऊ लागले. पण ते औषध गरोदर बायांवर नीट तपासून विकले नव्हते, न तपासताच विकले होते, हे लोक विसरले! चाचणी नको म्हटल्याने प्रयोग टळत नाही. तो प्रत्येक घरात, प्रत्येक बाईवर, नोंद न ठेवता चालूच राहतो.

कोविडच्या वेळी आपण हे डोळ्यांनी पाहिले. २०२० सालच्या पहिल्या लसचाचण्यांत गरोदर स्त्रियांना घेतले नव्हते. इस्राएलमध्ये २०२१ च्या आरंभी त्यांना लस घेण्यास सांगितले, तेव्हा आपल्या किती मुलींनी घाबरत घाबरत दंड पुढे केला! त्यांतील दहा हजारांहून अधिक जणींच्या नोंदी क्लालितने तपासल्या आणि लस गरोदरपणीही चांगले रक्षण करते हे त्याच वर्षी जगास समजले. ज्या पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्या हाती हा पुरावा नव्हता. त्यांच्यामुळे तो मागच्यांच्या हाती आला.

आपल्या धर्मग्रंथांत याविषयी काय सापडते? मिश्नातील ओहोलोथ या भागात स्पष्ट आहे की, कठीण बाळंतपणात मुलाचे डोके बाहेर येईपर्यंत आईचा जीव आधी. तेव्हा कोणत्याही संशोधनाची पहिली कसोटी हीच, की आईचे हित मागे पडता कामा नये. शास्ते पुस्तकात शिमशोनच्या आईस देवदूताने गरोदरपणी द्राक्षारस वर्ज्य सांगितला. मद्याने गर्भास होणाऱ्या इजेला वैद्यकाने ठळक नाव दिले ते १९७३ साली. त्या कथेतली आणखी एक गोष्ट आम्हास आवडते. देवदूत प्रथम बाईशी बोलतो. नवरा मानोहा मागाहून येऊन तेच पुन्हा विचारतो, आणि दूत त्याला म्हणतो की बाईला सांगितले आहेच. आजही किती इस्पितळांत डॉक्टर नवऱ्याशी बोलतात आणि पोट जिचे तिच्याशी नाही!

आणि मोजण्याविषयी. आपल्यात माणसे मोजणे अशुभ मानतात. दावीद राजाने शिरगणती केली आणि मरी आली, हे आपण लहानपणापासून ऐकले. गरोदरपणही आपण चारचौघांत लवकर सांगत नाही, दृष्ट लागेल म्हणून. पण मोशेच्या वेळी मोजणीची एक रीत सांगितली होती. डोकी मोजू नयेत, प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यावा, श्रीमंताने जास्त नाही आणि गरिबाने कमी नाही. आम्हास वाटते, यात मोठे शहाणपण आहे. माणूस आकडा होऊ नये, पण प्रत्येकाचा वाटा असावा. तो वाटा अर्धा असावा, म्हणजे उरलेला अर्धा दुसऱ्याने भरावा. पुण्याजवळच्या खेड्यातली शेतकरीण, गिरणीतली कामगारीण, सिंगापूरची मलय बाई, प्रत्येकीने आपला अर्धा दिला. फरक एवढाच की तो शेकेल सक्तीचा होता, आणि हा सक्तीचा मुळीच असू नये. 'नको' म्हणणाऱ्या आईस कोणी कमी लेखू नये.

म्हणून दोन दिवसांनी आम्ही लेकीस म्हटले, "बाळ, तोंड नसलेल्याच्या वतीने तू रोजच काहीतरी ठरवतेस, काय खावे, कोणती गोळी घ्यावी. तेव्हा हो म्हणणे पाप नाही आणि नाही म्हणणेही पाप नाही. पण सही करण्याआधी त्यांना चार गोष्टी विचार. माझ्या किंवा बाळाच्या जिवास काय धोका? मधेच सोडावेसे वाटले तर माझ्या उपचारात कमीजास्त होईल का? जे कळेल ते मला सांगाल का? आणि मूल मोठे झाल्यावर त्याला स्वतःला नको म्हणता येईल का? याची सरळ उत्तरे मिळाली तर विचार कर. आणि काही वाईट झालेच, तर ते तुझ्या चुकीने झाले असे तुला कोणी म्हणू देऊ नकोस. आम्हालाही नाही."

तिने काय ठरविले ते येथे लिहिण्याचा अधिकार आम्हास नाही. त्या दिवशी धक्क्यावर आम्ही नऊ जण होतो. पुष्कळ वेळाने सायकली घेऊन तिघे तरुण आले, बारा झाले, आणि लाँच सुटली. एकट्याने पैसे भरूनही जाता येते, पण सारे जमून गेले तर भार सर्वांवर हलका पडतो.

एलियाहू हन्नबी आपल्या सर्व गरोदर लेकीसुनांची सुखरूप सुटका करो, आणि त्यांना दरडावण्याऐवजी खरे सांगण्याचे धैर्य आपणा सर्वांस देवो. आमेन.