भाव ठरविणारी एकी आणि कर्जाची जबाबदारी

एकी हा सद्गुण आहे, असे आपण मुलांना शिकवितो. पण एकाच मालाचे विक्रेते जमून, ‘यापेक्षा कमी भावाने कोणी विकायचे नाही,’ असे ठरवितात, तेव्हा तीही एकीच असते. नेकीत परस्परांना साथ द्यावी, गुन्ह्यात देऊ नये, ही पवित्र कुरआनच्या सूरह माइदाची (आयत २) शिकवण येथे सीमारेषा आखते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी महागाईतही भाव बांधून देण्यास नकार दिला, मात्र काफिल्याला वाटेतच गाठून माल घेणे, खोटी बोली लावणे आणि साठेबाजी करणे यांस मनाई केली. बाजार मोकळा राहावा, पण कटाला मोकळीक नसावी. इमाम इब्ने तैमिया (रह.) ‘अल-हिस्बा’ या ग्रंथात नोंदवितात की, मोबदला घेऊन मालमत्तेची वाटणी करून देणाऱ्यांनी आपसांत भागीदारी करण्यास इमाम अबू हनीफा (रह.) व त्यांच्या शिष्यांनी मनाई केली होती, कारण लोकांना त्यांची गरज होती आणि ते एक झाल्यास मोबदला वाढला असता.

मग लहान व्यापारी अशा कटात का सामील होतो? पुष्कळदा लोभापेक्षा भीतीने. त्याने भाव उतरविला, तर मोठे प्रतिस्पर्धी काही महिने तोटा सोसून त्याला बुडवू शकतात. त्यांच्या पाठीशी बँक असते. त्याच्या पाठीशी कोणी नसते.

१९२४ साली विजेच्या दिव्यांच्या बड्या कंपन्यांनी ‘फीबस’ ही युती केली, बाजार वाटून घेतले आणि दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणले. स्वीडनमध्ये ग्राहकांच्या सहकारी संस्थांनी भांडवल उभे करून १९३१ मध्ये ‘लूमा’ कारखाना सुरू केला आणि तेथे दिव्यांचे भाव उतरले.

तरीही केवळ पैसा मिळाल्याने नीती येत नाही. मुबलक पैसा असणाराच दुसऱ्याला बुडविण्याची धमकी देऊ शकतो. व्याजाचा हप्ता भाव चढविण्यास भाग पाडतो. नफ्यातला भागीदारही कटाच्या कमाईचा वाटेकरी होऊ शकतो. म्हणून भांडवल देणाऱ्याने नफा किती, एवढेच न पाहता तो कसा मिळाला, हेही पाहिले पाहिजे. आणि ज्याला नफ्याची अपेक्षाच नाही, ते कर्ज-ए-हसना अडलेल्या प्रामाणिक दुकानदाराला सर्वांत मोठा आधार देते.

भीतीपोटी केलेला अन्याय अन्यायच राहतो. कारण त्याची किंमत त्याच्याहून गरीब ग्राहक मोजतो. हिशेबाच्या दिवशी त्या दुकानदाराला विचारले जाईल की, तू का वाकलास? आणि तो वाकत असताना आपला पैसा कोठे होता, याचे उत्तर आपल्यालाही द्यावे लागेल.