सुई नाकारल्यावर

"डॉक्टर, ह्याला सुई देऊन टाका." जनावरांच्या दवाखान्यात कुत्रं घेऊन आलेला माणूस असं म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ते कुत्रं आजारी नसतं. खातंपितं असतं, टेबलावर चढवलं की डॉक्टरचाच हात चाटतं. मालकाची बदली झालेली असते. लेक बाळंतपणाला आलेली असते आणि घरात कुत्र्याचे केस नकोत असं सगळ्यांचं ठरलेलं असतं. कधी घरमालकाने ताकीद दिलेली असते, तर कधी हौसेने आणलेला लॅब्रॅडोर म्हातारा होऊन पडवीत घाण करायला लागलेला असतो. "सोडून दिलं तर हाल हाल होतील त्याचे, त्यापेक्षा तुम्हीच काय ते करा," हे पाठोपाठ येतं. ते खोटं नसतं. बोलताना मालकाचा गळा दाटून आलेला असतो. म्हणूनच या मागणीकडे गंभीरपणे पाहिलं पाहिजे. क्रूर माणसाला डॉक्टरची गरज पडत नाही.

गेवराई हे सोलापूर-धुळे महामार्गावरचं, गोदाकाठच्या तालुक्याचं गाव. इथल्या पशुवैद्यकाचा दिवस गाई-म्हशी, बैल आणि शेळ्या-मेंढ्यांमध्ये जातो. कुत्रं-मांजर त्या रांगेत मागे असतं. पण बीड काय, गेवराई काय, गावं महामार्गालगत पसरली, बंगले झाले, शेतात फार्महाऊस उभी राहिली आणि जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, पॉमेरेनियन ही नावं मराठवाड्यातही घरोघरी माहीत झाली. पिल्लू विकत घेताना दोन-अडीच महिन्यांचं असतं. पुढची दहा-बारा वर्षं त्याचं कोण बघणार, हा प्रश्न त्या व्यवहारात कुणी कुणाला विचारत नाही.

माझं मत सरळ आहे. निरोगी प्राण्याला सुई द्यायला डॉक्टरने नकार द्यायला हवा. पण तो नकार देऊन आपण सुटलो असं समाजाने मानलं, तर त्या कुत्र्याचं मरण फक्त पुढे ढकललं जातं आणि जास्त वाईट होतं.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६०चा. त्याच्या कलम १३मध्ये प्राण्याला मारण्याची मुभा आहे, पण ती ज्याला जिवंत ठेवणं हेच क्रौर्य ठरेल अशा प्राण्यासाठी. उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे दहा ते पन्नास रुपये. भटक्या कुत्र्यांसाठी २०२३चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आहेत. असाध्य आजार किंवा जीवघेणी जखम असेल तरच दयामरण, असं ते स्पष्ट सांगतात. पाळलेल्या निरोगी कुत्र्याला मालकाच्या सांगण्यावरून, वेदना न देता मारण्याबद्दल मात्र इतकं नेमकं कलम नाही. म्हणजे गेवराईच्या बसस्थानकावर झोपणाऱ्या कुत्र्याला कागदावर जे संरक्षण आहे, तेवढं बंगल्यातल्या कुत्र्याला नाही. जर्मनीत सबळ कारणाशिवाय पृष्ठवंशीय प्राण्याला मारणं हाच गुन्हा आहे, आणि मालकाला प्राणी नकोसा होणं हे तिथे सबळ कारण धरलं जात नाही. ब्रिटनमध्ये कायदा आड येत नाही, पण निरोगी प्राण्याला मारण्याची सक्तीही पशुवैद्यकावर नाही. तो नाही म्हणू शकतो. आपल्याकडच्या डॉक्टरला आधार उरतो तो स्वतःच्या विवेकाचा. समोर गावातलं वजनदार माणूस उभं असेल तर तो आधार किती पुरतो, हे तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांना सांगायला नको.

या प्रश्नावर आपल्याकडे सगळ्यात कठोर विचार गांधींनी केला. १९२६मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातली साठ भटकी कुत्री मारवली. शहरात संताप उसळला. गांधींनी साराभाईंची बाजू घेतली आणि 'यंग इंडिया'तून लेखामागून लेख लिहिले. त्यांचा रोख भटक्या कुत्र्यांपेक्षा माणसांवर होता. शिळा तुकडा टाकून पुण्य मिळवायचं आणि त्या कुत्र्याची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, ही दया त्यांना खोटी वाटली. कुत्र्याला मालक असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मारण्याच्या त्यांच्या समर्थनाशी मी सहमत नाही. नसबंदी आणि लसीकरणाचा जो मार्ग आज आपल्या हाताशी आहे, तो तेव्हा नव्हता. पण जबाबदारीवाचूनच्या दयेवरचा त्यांचा आक्षेप आजही तसाच लागू पडतो.

दोन वर्षांनी, १९२८मध्ये, साबरमती आश्रमातलं एक वासरू असाध्य दुखण्याने तडफडत होतं. गांधींनी डॉक्टर बोलावून त्याला सुई द्यायला लावली आणि स्वतः तिथे उभे राहिले. देशभरातून पत्रं आली, शिव्याशाप आले. उत्तर देताना त्यांनी अटी मांडल्या. दुखणं बरं होण्यापलीकडचं हवं, सगळे उपाय थकलेले हवेत, आणि जे करायचं ते त्या जिवाच्याच सुटकेसाठी, आपल्या सोयीसाठी नव्हे. आपल्या दवाखान्यातल्या टेबलावरचा तो हात चाटणारा कुत्रा या अटींपुढे ठेवून बघा. पहिल्याच अटीला सगळं संपतं. दुखणंच नाही. जी सुटका मागितली जाते आहे ती मालकाची आहे.

अडचण इथून पुढे सुरू होते. डॉक्टरने नकार दिला, मालक कुत्रं घेऊन परत निघाला. आता तो कुठे जाईल? सोपं उत्तर म्हणजे महामार्ग. रात्री गाडी बाजूला घ्यायची, दार उघडायचं, निघून जायचं. घरात वाढलेल्या कुत्र्याला वाहनांतून रस्ता ओलांडता येत नाही, खरकटं शोधता येत नाही, आणि गावातली कुत्री त्याला हद्दीत शिरू देत नाहीत.

फक्त मनाई करून काय होतं, हे बीड जिल्ह्याने बैलाच्या बाबतीत पाहिलं आहे. मार्च २०१५मध्ये महाराष्ट्र प्राणी रक्षण सुधारणा कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. कत्तल थांबावी असं वाटण्यात काही चूक नाही. पण कामातून गेलेल्या बैलाला रोजचा चारा आणि पाणी कुणी द्यायचं, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं. ते कोरडवाहू शेतकऱ्यावर पडलं, आणि तेही पाठोपाठच्या दुष्काळांत. २०१९च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उभ्या राहिल्या. पाऊस पडला की छावणी उठते, जनावराची भूक उठत नाही. दावं सोडून दिलेली जनावरं मग रस्त्यावर दिसतात. जीव वाचवण्याचा हुकूम काढणाऱ्याने तो जीव सांभाळायची जागा आणि पैसा दिला नाही, तर तो हुकूम गरिबाच्या दावणीला बांधला जातो. कुत्र्यामांजरांच्या बाबतीत मला हीच चूक पुन्हा व्हायला नको आहे.

सांभाळण्याची जागा कशी असते हे बघायला गेवराईकरांना मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. शेजारच्या शिरूर कासार तालुक्यात दहिवंडीचे सय्यद शब्बीर, लोकांचे शब्बीरमामू, भाकड आणि सोडून दिलेली गुरं वर्षानुवर्षं सांभाळत आले. घरचा खाटकाचा धंदा त्यांच्या वडिलांनी सोडला होता. शेण विकून येईल त्या पैशात चारा भागवायचा, कमी पडलं तर स्वतः झीज सोसायची, असा त्यांचा हिशेब. २०१९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला पद्मश्रीपेक्षाही मोलाची वाटते. ते शेतकऱ्याला बैल देतात तेव्हा लिहून घेतात, की बैल आजारी पडला किंवा कामातून गेला तर तो परत आणून द्यायचा. शहाणपण सगळं त्या कागदात आहे. जनावर हातातून जातानाच त्याच्या परतीची वाट ठरलेली असते. त्याच तालुक्यात तागडगावला सोनवणे दांपत्याचं 'सर्पराज्ञी' केंद्र आहे. जखमी साप, पक्षी, हरणं तिथे बरी होऊन पुन्हा रानात जातात. रानातल्या जिवाला या भागात थारा मिळतो, म्हाताऱ्या बैलाला मिळतो. मग घरातल्या कुत्र्यालाच का मिळू नये?

थारा देण्याची रीत या मातीत जुनी आहे. गेवराई तालुक्यातलं गोदाकाठचं पांचाळेश्वर हे महानुभावांचं आत्मतीर्थ. त्या पंथाच्या लीळाचरित्रात शिकाऱ्यांनी पाठलाग केलेल्या सशाची गोष्ट आहे. तो चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरला. शिकाऱ्यांनी ससा मागितला, आपली होड लागली आहे असं सांगितलं, तरी शरण आलेल्याला मरण नाही म्हणून स्वामींनी तो दिला नाही. ससा आपण होऊन आला होता. कुत्र्याला तर आपणच आणलेलं असतं.

भीतीतून येणाऱ्या मागणीचा विचार वेगळा करायला हवा. कुत्रं चावलं, घरात लहान मूल आहे, आजच्या आज ते नको, असं म्हणणाऱ्या आईवडिलांना मी दोष देणार नाही. पण त्यांना एक गोष्ट कळली पाहिजे. चावलेल्या माणसाला लस लगेच सुरू करायची असते, त्यात थांबणं नाही. कुत्रं मात्र जिवंत आणि बांधलेलं राहायला हवं. चावल्यापासून दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे कळतं. घाईने मारलं तर हा पुरावाच हातचा जातो. शिवाय चावण्याला कारणं असतात. कानातली जखम, दुखरा सांधा, दिवसभर साखळीला बांधून ठेवणं, पोरांनी शेपटी ओढणं. यातली बरीच दुरुस्त होतात. उपचार झाले, जागा बदलून पाहिली आणि तरीही जे माणसांवर जीवघेणे हल्ले करत राहतं, अशा एखाद्या कुत्र्याला शांत मरण देणं मला नाइलाजाने मान्य करावं लागेल. पण तो निर्णय मालक आणि डॉक्टर यांच्यात पाच मिनिटांत व्हायला नको.

घाईत घेतलेल्या निर्णयांचा एक भयंकर दाखला इतिहासात आहे. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध जाहीर होताच लंडनच्या लोकांनी पहिल्या आठवड्याभरात सुमारे चार लाख पाळीव प्राणी मारून घेतले. बहुतेक मांजरं आणि कुत्री, बहुतेक निरोगी. सरकारने तसा हुकूम दिला नव्हता आणि बॉम्ब अजून पडले नव्हते. दवाखान्यांपुढे रांगा लागल्या होत्या. त्यातल्या पुष्कळांना पुढे पश्चात्ताप झाला.

म्हणून मला मुदत महत्त्वाची वाटते. गेवराईसारख्या गावात मोठं आश्रयस्थान उभं राहायला वेळ लागेल. प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था असावी आणि तिच्याकडे उपचाराची नि निवाऱ्याची सोय असावी, असं २००१चे नियम सांगतात. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या मागे लागलंच पाहिजे. पण तोवर दवाखान्यातल्या एका वहीपासून सुरुवात करता येईल. सुई मागायला आलेल्या मालकाकडून डॉक्टरने लिहून घ्यावं, की महिनाभर तो कुत्र्याला सांभाळेल, लस आणि नसबंदीचा खर्च देईल, नवं घर सापडलं तर तिथे स्वतः नेऊन सोडेल. कुत्र्याचं वय, सवयी, चावल्याचा इतिहास खरा खरा त्यात नोंदवावा. वस्तीवर राखणीला कुत्रं हवं असणारे शेतकरी तालुक्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांची नावंही त्याच वहीत असावीत. नव्या मालकानेही शब्बीरमामूंसारखं लिहून द्यावं, की जमलं नाही तर कुत्रं याच दवाखान्यात परत येईल. नगरपरिषदेने एक शेड आणि एका माणसाचा पगार दिला, तर ज्यांना महिनाभरही ठेवणं खरोखर अशक्य आहे त्यांची सोय होईल.