आधी दार वाजवावे



2023 सालच्या पवित्र आठवड्यात आम्ही दोघे कॅनडात, मॉन्ट्रियल शहराजवळ, लेकीकडे होतो. बुधवारी, 5 एप्रिल रोजी, तेथे बर्फाचे वादळ झाले. वादळ म्हटले की आपल्या वसईकरांना सोसाट्याचा वारा आणि उडालेली कौले आठवतात. हे वादळ तसे नव्हते. पाऊस संथपणे पडत होता. पण जमिनीलगतची हवा इतकी गार, की थेंब फांदीला, तारेला, पायरीला लागला की तेथेच गोठायचा. पाहता पाहता प्रत्येक डहाळीवर काचेसारखा थर चढला. त्या भाराने झाडे मोडली, तारांवर कोसळली आणि दहा लाखांहून अधिक वीजग्राहक अंधारात गेले.

क्युबेक प्रांतात बहुतेक घरे विजेवरच उबदार ठेवली जातात. त्यामुळे वीज गेली की दिव्यापाठोपाठ घरातली ऊबही जाते. गुरुवारी सकाळी आम्ही उठलो तेव्हा घर गारठले होते. शाळा बंद, जावयाचे ऑफिस बंद, फोनची बॅटरी संपत आलेली. दूध आणि मासे बाहेर गॅलरीत नेऊन ठेवले. सुदैवाने लेकीकडे स्वयंपाकाला गॅस होता. काडेपेटीने तो पेटवून कोरा चहा केला, दुपारी पेज आणि लोणचे. नातवंडे आमच्या दोघांच्या मध्ये गोधडीत शिरली आणि आम्ही त्यांना गावाच्या गोष्टी सांगितल्या. खरे सांगायचे तर दोन महिन्यांच्या मुक्कामात एवढे घरपण आम्हाला त्या दिवशीच मिळाले.

ही गोष्ट एवढ्यावरच संपली असती तर कुटुंबाने एकत्र बसावे, टीव्ही बंद ठेवावा असा बोध घेऊन आम्ही थांबलो असतो. पण त्या दिवसाची दुसरी बाजू आम्हाला अजून बोचते.

शेजारच्या घरात एक वृद्ध बाई एकटी राहते. लेक त्या घरात चार वर्षे राहत होती, पण तिला त्या बाईचे नाव ठाऊक नव्हते. सकाळपासून तिच्या खिडकीचा पडदा हललेला नाही हे आमच्या लक्षात आले होते. तरी आम्ही गेलो नाही. कारणे भरपूर होती. तिची भाषा फ्रेंच. परक्या देशात दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसायचे? त्यातून घरात मेणबत्त्या चारच. तेथे 1998 च्या जानेवारीतले बर्फाचे वादळ कोणी विसरलेले नाही. त्या वेळी विजेचे हजाराहून अधिक मनोरे कोसळले होते आणि काही कुटुंबांनी महिनाभर अंधार काढला होता. या वेळी किती दिवस लागतील कोणास ठाऊक! आम्हाला तर शुभवर्तमानातला आधारही सापडला. दहा कुमारिकांच्या दाखल्यात शहाण्या मुलींनी आपले तेल दिले नाहीच ना?

शुभवर्तमान किती सहज आपल्या सोयीने वाचता येते पाहा! त्याच बायबलमध्ये सारफथची विधवाही आहे. मूठभर पीठ आणि थोडेसे तेल उरलेले असताना तिने आधी एलियासाठी भाकर केली. मग खरे कोणाचे? जपून ठेवणाऱ्या मुलींचे की देऊन टाकणाऱ्या विधवेचे?

आम्हाला वाटते, दोन्ही खरे आहे, पण दोन्हींचा विषय एक नाही. कुमारिकांचे तेल म्हणजे आपली अंतरीची तयारी. ती उसनी देता येत नाही. माझ्या वतीने दुसऱ्याने प्रार्थना करून माझे मन बदलत नाही. विधवेचे पीठ म्हणजे आजची भाकर, आणि ती वाटता येते. आम्ही भाकरीच्या प्रश्नाला तेलाचे उत्तर देत होतो. मनात भीती होती आणि तिला आम्ही शहाणपणाचा अंगरखा घातला होता.

शहाणपण नको असे नाही. संध्याकाळी आम्ही लेकीला म्हटले, "बाय, बाहेरची कोळशाची शेगडी आत आण, खोली तापेल." तिने साफ नकार दिला. बंद घरात कोळसा जाळला तर त्याचा विषारी वायू वासही न येता जीव घेतो. त्या वादळातही अशा वायूने एक बळी गेला. घरच्यांना जपणे हे कर्तव्यच आहे. प्रश्न असा आहे की आपण जपतो आहोत की नुसते दार लावून घेतो आहोत?

अंधार पडू लागल्यावर आम्हाला राहवले नाही. जावई पायरीवर मीठ टाकत, कठडा धरत गेला आणि दार वाजवले. बाई अंगात कोट घालून बसली होती. तिची शेगडी विजेची, त्यामुळे दिवसभर गरम असे काही पोटात गेले नव्हते. पण तिच्या घरात मेणबत्त्यांचा खोका होता, लोकरीची जाड पांघरुणे होती, बॅटरीवरचा रेडिओ होता. 1998 चा अनुभव तिने घेतला होता. ती म्हणाली, "तुमच्याकडे लहान मुले आहेत, तुम्ही उष्ण देशातले, मला सकाळपासून काळजी होती. पण या पायऱ्यांवरून मला उतरता येईना. कोणीतरी येईल म्हणून वाट पाहत होते."

आम्ही दिवसभर आमच्या चार मेणबत्त्या मोजत होतो, आणि ती आम्हाला देण्यासाठी खोका घेऊन बसली होती! देताना आपले काय कमी होईल याचा हिशेब आम्ही केला होता. आपल्यालाही काही घ्यावे लागेल हे मनातही आले नव्हते. पवित्र गुरुवारीच पेत्राने प्रभूला पाय धुऊ देण्यास नकार दिला होता. घेणे हेदेखील नम्रतेचे काम आहे.

त्या संध्याकाळी चर्चला जाता आले नाही. ती बाई आमच्यात बसून पेज प्याली, आणि आम्ही मराठीत व तिने फ्रेंचमध्ये जपमाळ म्हटली. शनिवारी वीज आली. सगळे आपापल्या खोलीत गेले, फोन चार्जिंगला लागले. पण तिचे नाव आता घरात सर्वांना ठाऊक आहे.

मिस्साच्या आरंभी आपण जे केले त्याचीच नव्हे, तर जे करायचे राहिले त्याचीही क्षमा मागतो. त्या गुरुवारचे सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे तास आमच्या त्या हिशेबात आहेत. आम्हाला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. आम्ही ठाऊक करून घेतले नव्हते.

आपल्या धर्मग्रामातही आता कितीतरी घरांत एकटे आईवडील राहतात. मुले मुंबईत, आखातात, कॅनडात. 26 जुलै 2005 च्या पुरात लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतले, जेवू घातले. मग कोरड्या दिवशी त्याच दाराला आतून कडी का असते? चांगुलपणाला दरवेळी संकटाचीच वाट का पाहावी लागते?

आम्ही परत आल्यावर एक साधा नियम केला आहे. आधी दार वाजवावे, मेणबत्त्या नंतर मोजाव्यात. आमच्या गल्लीतल्या ज्या घरात आम्ही वर्षभर गेलो नव्हतो, तेथे पहिल्या रविवारी मिस्सानंतर गेलो. आजच्या मिस्सानंतर आपणही आपल्या वाटेवरचे असे एक घर आठवून पाहावे.