न दिसणारी नाव

आजच्या मोठ्या नौकांवर एक बिनतारी यंत्र असतें. तें दर कांहीं सेकंदांनीं नौकेचें ठिकाण, वेग व दिशा आपण होऊन पुकारीत असतें. परदेशीं सफर करणाऱ्या ३०० टनी व त्याहून मोठ्या नौकांना तें २००४ अखेर सक्तीचें झालें. युरोपांतील ऱ्हाईन नदीवरही २०१४ पासून बहुतेक व्यापारी नौकांना तें बाळगावें लागतें. हा पुकारा गुप्त लिपींत नसतो. म्हणून गच्चीवर लहानशी एरियल उभारणारा बिनतारीचा हौशी तो सहज टिपतो, आणि नदींतील वाहतूक क्षणोक्षणीं नकाशावर पाहतो.

अशा पाहणाऱ्यावर कांहीं कर्तव्य येतें काय? कोणी म्हणेल, ही केवळ करमणूक आहे. आमच्या मतें ज्ञान फुकट मिळालें, तरी तें ऋणमुक्त नसतें. संकटाची खूण दिसतांच वर्दी देणें, हें पाहणाऱ्याचें पहिलें ऋण होय. परंतु दुसरें ऋण याहून अवघड आहे. नकाशा बोलणाऱ्या नौकाच दाखवितो; मुक्या नौका त्याच्या लेखीं नाहींतच.

ऱ्हाईन दूर राहिली. आपल्याच प्रांतांतील वैनगंगा घ्या. चामोर्शी तालुक्याच्या कडेनें ती वाहते आणि मार्कंड्याच्या देवळांपाशीं उत्तरवाहिनी होते. २०१६ च्या कायद्यानें वैनगंगा-प्राणहिता हा राष्ट्रीय जलमार्ग ठरला. परंतु गांवकऱ्यांना पैलतीर गांठून देतो तो साधा डोंगा. जानेवारी २०२४ मध्यें याच तालुक्यांतील गणपूरजवळ, मिरची तोडण्यास पलीकडे निघालेल्या मजूर स्त्रियांचा डोंगा उलटला व त्यांतील अनेकींचा अंत झाला. उत्तमांतल्या उत्तम एरियललाही तो डोंगा ऐकूं आला नसता. त्याला वाचाच नव्हती.

यंत्र असतें तर त्या वांचल्या असत्या, असें आम्ही म्हणत नाहीं. ठिकाण कळल्यानें नाव तरंगत नाहीं. त्यासाठीं पूल हवा, भक्कम होडी हवी. आमचें म्हणणें एवढेंच कीं, रिकामा नकाशा म्हणजे रिकामी नदी नव्हे. हौशी बिनतारीच्या परवान्यावर द्रव्यार्जन करण्यास मज्जाव असतो. ज्या विद्येला मोल घेणें मना आहे, तिनें मोल देऊं न शकणाऱ्या नावेची विचारपूस आधीं करावी, हेंच तिला शोभेल.