शटरपाशी

घाई नाही. जिथे बसला आहात तिथे पाठ टेकवा आणि इराण्याचं एक हॉटेल डोळ्यांसमोर आणा. मुंबईतलं घ्या, पुण्याच्या कॅम्पातलं घेतलंत तरी चालेल. कोपऱ्यावरचंच घ्या मात्र. आपल्या व्यापाऱ्यांना कोपऱ्याची जागा अशुभ वाटायची, म्हणून यझ्द-केरमानहून आलेल्या या माणसांना ती मिळाली, असं सांगतात. आपला फायदाच झाला. दोन रस्त्यांना दोन दारं, त्यामुळे संगमरवरी टेबलावर उजेड भरपूर.

तुम्ही चालत निघाला आहात. वळण अजून यायचंय. चाल थोडी मंद करा आणि तोंडात काय चाललंय ते बघा. ब्रुन मस्का ठरलेला आहे. कडक पावाची कड टाळूला टोचते, मग मस्का येऊन समजूत घालतो. चहात बुडवायचा की नाही, हा वादही मनात होऊन गेलाय. माणूस पोचायच्या आधी जीभ पोचलेली असते.

आता वळा.

शटर खाली आहे. मन पहिल्यांदा काय म्हणतं ते ऐका. आज उशिरा उघडत असतील. शेठची तब्येत बरी नसेल. सुचू द्या कारणं, अडवू नका. मग नजर खाली जाईल. पायरीवर पावसाळ्यातला चिखल वाळून त्याला भेगा पडल्यात, आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही. विजेचं बिल शटरखालून अर्धंच आत सरकलंय. बाहेर राहिलेली कड उन्हाने पिवळी पडलीय.

इथे बहुतेक जण फोन काढतात, जवळ दुसरं काय आहे ते शोधायला. तुम्ही काढू नका. उभे राहा.

शेजारचा पानवाला पान लावता लावता सांगतो, “ते होय? झाले की सहा महिने.”

या सहा महिन्यांपाशी जरा रेंगाळा. या काळात तुम्ही चार जणांना तरी “एकदा तिकडे जाऊ” म्हणालात. तुमच्या हिशेबी तिथे पहाटे चहा उकळत होता, रात्री खुर्च्या टेबलांवर उलट्या चढत होत्या. सहा महिने ते हॉटेल फक्त तुमच्या डोक्यात चालू होतं.

आता एक बारीक तक्रार वर येईल: कुणी कळवलं कसं नाही? येऊ द्या. पण कळवायचं कोणाला? गल्ल्यावर तुमच्या नावाने नव्हे, बिलाने हाक जायची: “चष्मा, साठ रुपया!” तुमचं तिथलं नाव तेवढंच. वेटरचं नाव तुम्ही तरी कुठे विचारलं होतंत? त्याला ब्रुन कसा भाजून लागतो ते माहीत, तुम्हाला त्याच्या उजव्या पायाचं लंगडणं माहीत. नोकरी कुठे, लग्न झालं का, हे कुणी विचारत नसे, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच तिथे बरं वाटायचं. घरातलं कुणी गेलं तर सांगावा येतो, दहावं-तेरावं होतं. या नात्याला सुतक नाही.

क्वचित आधी कळतं. जहांगीर कलादालनातलं समोवार कॅफे २०१५च्या मार्चमध्ये बंद झालं, तेव्हा लोक मुद्दाम जाऊन शेवटचा चहा पिऊन आले. क्वचित मागे काही उरतंही. कवी अरुण कोलटकर काळ्या घोड्याच्या वेसाइड इनमध्ये वर्षानुवर्षं बसत, समोरचा चौक बघत. त्या बघण्यातून झालेलं ‘काळा घोडा पोएम्स’ २००४ मध्ये आलं, तोवर वेसाइड इन बंद झालेलं होतं. पण सगळ्याच गिऱ्हाइकांच्या हाती पुस्तक उरत नाही. तुमच्या तोंडात या घडीला फक्त ब्रुनची चव आहे, आणि भूक.

ती हाकलू नका. शटरच्या पन्हळी एकदा खालून वर बघत जा. पुरे झालं की निघा.

पुढे एक टपरी आहे. सवयीने तुम्ही म्हणाल, “एक पानी कम.” स्टोव्हपाशी उभा पोरगा मान वर करून विचारेल, “म्हणजे?”

सांगा त्याला. सावकाश सांगा.