कंसातली नावे

आमच्या वर्ध्याकडे शेताला वावर म्हणतात, बांधाला धुरा आणि तलाठ्याला पटवारी. सरकारने २०२४ मध्ये या पदाला 'ग्राम महसूल अधिकारी' असे नाव दिले, पण गावात कुणी विचारलेच तर पटवारीच विचारतात.

सेलू तालुक्यातल्या आमच्या वावराचा सातबारा मी पहिल्यांदा महाभूलेखच्या संकेतस्थळावर उघडला, तेव्हा मी यंत्र नसून माणूस आहे हे आधी तिथल्या वेड्यावाकड्या अक्षरांच्या चौकटीला पटवावे लागले. मग जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक अशा पायऱ्या उतरत वडिलांपाशी पोचलो. तिथे लिहिले होते, 'दिगांबर'. वडिलांनी जन्मभर 'दिगंबर' अशी सही केली. एका कान्याने ते दुसरेच कुणी झाले होते, आणि पीककर्जाच्या कागदांत तो काना भलताच जड निघाला. मी माणूस आहे हे पटवायला अर्धे मिनिट लागले होते. मी दिगंबररावांचा मुलगा आहे हे पटवायला सहा महिने लागले.

तेव्हा राग आला होता. अक्षर समोर दिसते आहे, चूक आहे हे शेंबडे पोरही सांगेल, मग बोट लावून पुसता का येत नाही? आता वाटते, पुसता येत नाही हेच बरे. मला पुसता आले असते, तर माझ्या धुऱ्यापलीकडच्यालाही आले असते.

सातबारा पाहायला कुणाचीच ना नाही. बदलायचा तर वाट वेगळी. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, बदलाची नोंद होते. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित किंवा रद्द करतो. त्यानंतर कुठे सातबारा हलतो. लेखनप्रमादासाठी जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५५ आहे; आमचा काना त्याच दाराने बाहेर पडला. फेरफार नोंदवही आणि सातबारा यांना जोडतो तो फेरफार क्रमांक. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली माहितीचे तक्ते एकमेकांना सामाईक खुणेने जोडण्याचा सिद्धांत मांडला आणि आजची बहुतेक संगणकी दप्तरे त्यावर उभी राहिली. पटवाऱ्याच्या दप्तरात हा क्रमांक तेच काम मुकाट्याने करत होता. सातबाऱ्यावरच्या नावासोबत तो आकडा असतो. तो धरून मागे गेले की हे नाव इथे कसे आले ते कळते.

मला सगळ्यात आवडतो तो कंस. मयत झालेल्या किंवा वावर विकलेल्या माणसाचे नाव सातबाऱ्यावरून खोडत नसत, त्याला कंस करत. २०२० च्या नव्या नमुन्यात कंसावर आडवी रेघही आली, तरी नाव वाचता येते. 'नोंद काढणे' या एकाच क्रियापदात मराठीने उतरवून घेणे आणि उडवून टाकणे हे दोन्ही अर्थ ठेवले आहेत. कंसाला ते दोन्ही एकदम साधते.

नोंदीचा घोटाळा आमच्या जिल्ह्याला नवा नाही. गांधीजी १९३६ मध्ये ज्या गावी राहायला गेले त्याचे नाव शेगाव. बुलढाण्यातले शेगाव आधीच प्रसिद्ध, त्यामुळे टपालाची गफलत होई. दोन नोंदींची खूण एकच असली की असे होणारच. शेवटी १९४० मध्ये गावाचेच नाव बदलून सेवाग्राम केले. पुढे १९५१ मध्ये पवनारहून पायी निघालेल्या विनोबांना तेलंगणात पोचमपल्लीला पहिले भूदान मिळाले. दानपत्र एका बैठकीत लिहून होते. पण जमिनीवरचे नाव त्याने बदलत नाही. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि तिथे १९५३ मध्ये भूदान यज्ञाचा स्वतंत्र कायदाच करावा लागला.

२०२१ च्या खरिपापासून सातबाऱ्यातल्या नमुना बाराची पीकपाहणी शेतकऱ्याच्याच हातात आली. वावरात उभे राहून कपाशीचा फोटो काढायचा, जागेची खूण फोन स्वतः टिपतो. चुकले तर ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येते. पाहणे आणि पाहणी यांत एका वेलांटीचाच फरक, पण पाहणीला पाय लागतात, चिखल लागतो, आणि खाली आपले नाव लागते. पूर्वी पटवारी धुऱ्यावर न येताच पाहणी होते अशी कुरकुर असे. आता कुरकुर करायला आपणच उरलो.

संहितेचे कलम १५७ सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानावी. म्हणजे गप्प बसले की 'दिगांबर'च खरे. आमच्या सातबाऱ्यावर आता 'दिगंबर' आहे, आणि वर कंसात, रेघेखाली, तो कान्याचा माणूसही आहे. तुमचाही सातबारा पेरणीआधी एकदा उघडून बघा. फेरफाराच्या नोटिसा 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर लागतात, आणि हरकतीला पंधराच दिवस असतात.