शिवेपर्यंतचा माग

सुट्टीत गावी निघालेला गृहस्थ कुलूप ओढून पाहतो, जिना उतरतो, आणि पुन्हा वर येऊन तेच कुलूप ओढून पाहतो. मात्र शेजारच्या बिऱ्हाडाचे आडनाव त्याला ठाऊक नसते. याउलट पेशवाईतल्या खेड्यात चोरी झाली की जागल्या, म्हणजे गावचा राखणदार, चोराच्या पावलांचा माग काढी, आणि तो माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरल्याचे दाखवून दिले म्हणजे पुढील तपासाची जबाबदारी त्या गावावर पडे. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात या रिवाजाची नोंद आहे. व्यवस्था निर्दोष नव्हतीच (माग न लागल्यास भरपाई जागल्यावर येई, पण त्या गरिबाकडून वसुली ती काय होणार?), तथापि तिच्यातला शेजारधर्म आजही घेण्याजोगा आहे: दारावर कॅमेरा बसविणाऱ्याने दूधवाल्याला खाडा सांगताना शेजाऱ्यालाही परगावी जात असल्याची वर्दी द्यावी; उंबऱ्यावर साचणारी वर्तमानपत्रे तेवढी त्या शेजाऱ्याने उचलून ठेवली, तरी पुष्कळ झाले.